माळशेज उतरताना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं समजणाऱ्या माझ्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते. आणि सांगताना आवाज बारीक करणार नाही — तो माझा स्वभाव नाही.

घाटकोपरच्या एका शाळेत मी पीटी शिकवायचे. शरद, माझा नवरा, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात फिटर. आमचं जमलंच मुळी सायकलीवरून. असल्फ्याच्या चढावर मी त्याला मागे टाकलं, तर धापा टाकत वर येऊन यानं काय विचारावं? ‘‘चेनला कुठलं तेल घालतेस?’’ असा माणूस. त्याला माणसांआधी वस्तू दिसायच्या. आणि वस्तू त्याच्या हातात आली की शहाणी व्हायची. खरं सांगते, त्याच्या हातांवरच मी भाळले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची मेघू दोन वर्षांची झाली आणि मी म्हटलं, हिला घेऊन सायकलीनं माळशेजला जाऊ. मी म्हटलं — शरद नाही. तो ‘अजून थोडी मोठी होऊ दे’ म्हणत होता. सासूबाई मालवणकडच्या, त्यांनी कपाळावर हात मारला, ‘‘ह्या चेडवाक घेवन डोंगरात खंय जातास गो?’’ पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. नाताळची सुट्टी होती, हवा छान होती, माझ्या पायांत ताकद होती. का नाही जायचं?

मग शरदनं सीट बनवायला घेतली. बारीक पाइपाची चौकट, वेताची पाठ, चाकात पाय जाऊ नयेत म्हणून दोन्हीकडून जाळी. छातीवरून कॅनव्हासचा पट्टा आणि त्याला पितळी बक्कल. माझ्या जेन्ट्स सायकलच्या दांड्यावर त्यानं ती बसवली तेव्हा अख्खी चाळ बघायला आली. ‘‘झकास रे शरद!’’ तो लाजला. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘रडली तरी पट्टा सोडायचा नाही हं.’’

काय दिवस होते ते! मुरबाडच्या पुढे एका शेताच्या कडेला आम्ही ताडपत्रीचा तंबू ठोकला. शेतातल्या बाईनं मेघूला गरम दूध दिलं, भाकरी दिली, आणि माझ्या पॅंटकडे बघून पोट धरून हसली. घाट आम्ही जवळजवळ ढकलतच चढलो. वर थंडी अशी, की मेघूला मध्ये घेऊन तिघं एका रजईत. सकाळी तंबूबाहेर आल्यावर समोरचे कडे बघून तिनं टाळ्या वाजवल्या. या सहलीचा मला आजही पश्चात्ताप नाही. तो भाग वेगळा. मी सांगतेय ते त्याच्यापुढचं आहे.

उतरताना शरद पुढे होता, तंबूचं ओझं घेऊन, जपून. मधल्या बोगद्यापाशी मी पाणी प्यायला थांबले. मेघू किरकिर करत होती, पट्टा स्वेटरवरून काचत होता. मी बक्कल उघडलं. तिला मोकळं केलं, पाणी पाजलं, ती हसली. आणि मी — लावलं नाही परत. विसरले का? नाही. ‘माझे दोन हात आहेत की दोन्ही बाजूंना,’ असं मी स्वतःशी म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

मग मी ब्रेक सैल सोडले. मला शरदला मागे टाकायचं होतं, एवढंच. टाकलंही. मेघू खिदळत होती, वारा कानात वाजत होता, आणि वळणावर खडी होती.

मला खरचटलं. ती उडून कठड्याच्या अलीकडे पडली. कठड्याच्या अलीकडे — हे शब्द मी आयुष्यभर मनात घोळवलेत. भुवई फुटली होती, डावा हात मोडला होता. मी तिला उचलून छातीशी धरलं तेव्हा वरून शरद सायकल टाकून धावत येत होता. त्यानं अजून काही विचारलंही नव्हतं.

मी ओरडले, ‘‘तुझं बक्कल सुटलं!’’

‘सुटलं’ एवढंच म्हटलं असतं तरी खोटंच झालं असतं. पण मी ‘तुझं’ म्हटलं. ते का म्हटलं?

एका ट्रकवाल्यानं आम्हाला मुरबाडला दवाखान्यात पोचवलं. मेघू बरी झाली, आज ती माझ्यापेक्षा जोरात सायकल मारते. शरदचं काय झालं ते सांगते. घरी आल्यावर तो रोज गॅलरीत बसून ते बक्कल ओढून बघायचा. झटका देऊन, पिळून, वजन टांगून. ते काही सुटायचं नाही. ‘‘कसं सुटलं असेल गं?’’ तो मला विचारायचा. मी म्हणायचे, ‘‘हादरे बसत होते ना.’’ स्वतःच्या हातांपेक्षा त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. एक दिवस ती सीट भंगारवाल्याला देऊन टाकली. नंतर मेघूला घोडा हवा होता, बाहुलीचा पलंग हवा होता — सगळं दुकानातून आलं. वर्कशॉपातही त्यानं शेठला सांगून हातकामाचं बेंच सोडलं, स्टोअर सांभाळायला घेतलं. सासूबाई त्याला जाता-येता बोलायच्या. तो ऐकून घ्यायचा. मी तिथेच असायचे.

आता मेघूलाही मुलगा आहे. गेल्या रविवारी ती आली होती. म्हणाली, ‘‘बाबा, याला सायकलवरून फिरवायचंय. सीट बनवून द्या ना.’’ शरदनं नातवाच्या खांद्यांची रुंदी दोन्ही तळव्यांनी मापली. मापली — मी पाहिलं. मग हात मागे घेऊन हसून म्हणाला, ‘‘नको गं, विकतची आण. माझ्या हाताचं काही खरं नाही.’’

मेघूनं माझ्याकडे पाहिलं. मी मटार सोलत होते. म्हणाले, ‘‘हो, विकतचीच बरी.’’