फणसाच्या आधीची तीन पानं

सुमनताई गेल्या त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्या भाचीचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसले होते. आमच्या चित्रपुस्तकाचं शेवटचं पान त्यांनी अजून पाठवलं नव्हतं. म्हटलं, आता चांगली खरडपट्टी काढते... भाची म्हणाली, "मावशी गेली."

वीस वर्षं मी गोष्टी लिहिल्या, त्यांनी टिटवाळ्याच्या घरात बसून चित्रं काढली, आणि आम्ही कडाकडा भांडलो. या पुस्तकात एक चिमुरडी फणसाची आठळी पेरते. माझ्या मते सोपं काम: तिसऱ्या पानावर आठळी, पंधराव्यावर फणस. ताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, सात-आठ वर्षं लागतात फणस धरायला! आणि तुझी पोरगी तोवर त्याच फ्रॉकमध्ये उभी?" खरंच की! इतकी पुस्तकं केली, पण झाडाबरोबर मुलांनाही वाढवायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग त्यांनी फ्रॉक आखूड केला, पुढे दप्तर दिलं, शेवटी तिला हायस्कुलात धाडलं. तेवढ्यावर थांबतील तर त्या सुमनताई कसल्या! आठळीनंतर तीन पानं नुसती माती.

"अहो, लोक म्हणतील, चित्र छापायलाच विसरले," मी वैतागले.

"लोकांचं सोड. पोरांना विचारू."

कल्याणच्या एका बालवाडीत ती पानं घेऊन गेलो. पहिल्या मातीवर नुसता गलका. दुसरीवर एका मुलीने चित्राला नाक लावलं. तिसरीवर तिनेच सगळ्यांना दटावलं, "श्श! झोपलंय ते." ताई माझ्याकडे बघून अशा काही हसल्या, की राग यावा आणि मिठीही मारावी. मी मुकाट्याने हार मानली.

परवा त्यांच्या टेबलावर शेवटचं पान सापडलं. झाड रंगवून झालेलं, मोठी झालेली मुलगी मान वर करून उभी. खोडावरचा फणस मात्र नुसता पेन्सिलीतला... बोटाएवढा. प्रकाशक म्हणाले, दुसऱ्या चित्रकाराकडून मोठा, पिकलेला काढून घेऊ. मी फोनवर ओरडलेच. "कुणीही हात लावायचा नाही त्याला! पेन्सिलीतच छापा. अजून वाढतोय, असं मी सांगेन पोरांना." शेवटी ते हो म्हणाले.

फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. वीस वर्षांत पहिल्यांदा मी ताईंच्या बाजूने भांडले होते, आणि ऐकायला त्याच नव्हत्या.