रांगेतला खोकला

झेडेकिया ङाबिरानो घरात निवांत बसलाय, हे दृश्य कातोमा टेकडीवर फारसं कुणी पाहिलेलं नाही. वय अठ्ठावन्न, अंगानं किडकिडीत, आणि पायाला कायमची भिंगरी. सोळा वर्षं हा माणूस बविंडीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी फुकट राबतोय. उद्यानाच्या जोडीनं काम करणारी एक संस्था आहे, तिनं आमच्या टेकडीवर स्वयंसेवकांची तुकडी उभी केली. पगार नाही. गमबूट, रेनकोट आणि तीन महिन्यांनी मक्याच्या पिठाचं एक पोतं. गोरिले जंगलातून उतरून कुणाच्या केळीत घुसले की शिंग वाजतं. मग पाच जणांनी रांग धरायची आणि दगड न मारता, शिव्या न देता, टाळ्या वाजवत त्यांना हळूहळू परत जंगलात न्यायचं. यातली शिव्यांची बंदी झेडेकियाला सगळ्यात जड गेली होती.

आणखी एक नियम होता. खोकला किंवा पडसं असेल त्यानं रांगेत यायचं नाही. माणसाचं पडसं गोरिल्यांनाही लागतं; माणूस आठ दिवसांत बरा होतो, गोरिल्याचं पिल्लू होतंच असं नाही. म्हणून निघण्याआधी तुकडीची प्रमुख ओरिकिरिझा प्रत्येकाला विचारायची, "कसं काय?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "बरं आहे." आता आमच्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. घरात मढं पडलेलं असलं तरी आधी बरं आहे म्हणायचं, मग मढ्याचं सांगायचं. हा प्रश्न ज्या कुणाच्या डोक्यातून निघाला, तो आमच्या टेकडीवर वाढलेला नव्हता एवढं नक्की.

त्या बुधवारी शिंग वाजलं तेव्हा झेडेकियाची छाती तीन दिवस भरलेली होती. "कसं काय, काका?" ओरिकिरिझानं विचारलं. "बरं आहे," तो म्हणाला आणि आल्याचा तुकडा दाढेखाली धरून, तोंडाला फडकं बांधून रांगेत उभा राहिला. सोळा वर्षांत एकदाही तो चुकला नव्हता, आणि ते तो भेटेल त्याला ऐकवायचा. केळीत त्याचा पाय चरात गेला, फडकं गळ्यात आलं आणि अडवलेला खोकला सगळाच्या सगळा बाहेर पडला. मान वर केली तर चार हात अंतरावर दीड वर्षांचं पिल्लू बसलेलं, त्याच्याकडे टक लावून. मग आईनं त्याला ओढून पाठीवर घेतलं. कुणी काही पाहिलं नाही.

तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना. सकाळी ज्वारीची पेज तशीच ठेवून तो चढावर जायचा आणि रोज गोरिल्यांचा माग काढून जंगलातून परतणाऱ्या उद्यानाच्या माणसांना गाठायचा. "मंडळी कशी आहेत?" "बरी आहेत." दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा.

"अहो, तिकडे एखादी सोयरीक जमवताय का?" त्याची बायको क्यारिसीमा म्हणाली. "उंबरा झिजवलात माझा."

"तू गप बस गं."

"मी गपच आहे. तुमचे पायच बोलतायत."

रविवारी माग काढणाऱ्यानं आधी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "धाकटं खात नाहीये. नाक वाहतंय. राजधानीहून डॉक्टरीण निघालीय."

झेडेकिया तिथेच दगडावर बसला आणि लगेच उठला. सांगावं, तर यादीतून नाव जाणार, बूट परत द्यावे लागणार, आणि सगळ्या टेकडीवर गोरिल्याचं पोर मारणारा म्हणून आपण ओळखले जाणार. गप्प बसावं, तर डॉक्टरीण अंधारात चाचपडत बसणार. त्याला भीती वाटत होती, आणि पिल्लाच्या आधी आपल्या नावाची भीती वाटली याची लाज त्याहून जास्त वाटत होती.

सोमवारी तुकडीची बैठक होती. डॉक्टरीण आली होती, वही उघडून बसली होती. झेडेकिया दारापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. शेवटी बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला. "बुधवारी मला खोकला होता. पिल्लाच्या तोंडावर खोकलो मी. ओरिकिरिझा, माझं नाव काढ."

ओरिकिरिझानं यादी पुढे ओढली, पेनचं टोपण काढलं.

"थांब पोरी," मागून बझान्ये म्हणाला. हा झेडेकियाचा जन्माचा थट्टेखोर दोस्त, आणि आज त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. "माझंही काढ. माझं नाक शनिवारपासून गळत होतं. आदल्या शनिवारपासून."

"आणि मला काय सांगितलंस तू?"

"बरं आहे म्हणालो. दुसरं काय म्हणायचं असतं?"

मग कोपऱ्यातले दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले आणि थोरल्यानं हात वर केला, पाठोपाठ धाकट्यानं. ओरिकिरिझा पेन हातात धरून बसून राहिली. "माझा घसा," ती हळूच म्हणाली, "मंगळवारपासून दुखतोय."

डॉक्टरिणीनं पाचही जणांचे दिवस लिहून घेतले, घशातले नमुने घेतले आणि दुपारीच औषधाची सुई लांबून मारायची बंदूक घेऊन जंगलात गेली. जाताना बजावून गेली की दहा दिवस यातल्या कुणीही गोरिल्यांच्या जवळपास फिरकायचं नाही.

शुक्रवारी सकाळी शिंग वाजलं. यावेळी केळी झेडेकियाची होती. पाचही जण धावत आले आणि वरच्या वाटेवरच थांबले. खाली कडाकडा खोडं मोडत होती. पलीकडच्या टेकडीवरची तुकडी यायला दोन तास लागणार होते.

"अहो, उभे काय राहिलात?" क्यारिसीमा ओरडली. "वर्षभराचं खाणं चाललंय ते!"

"मला जाता येत नाही."

"मग मी जाते!"

त्यानं तिचं मनगट धरलं. बझान्ये दोनदा खाली उतरू लागला आणि दोनदा परत आला. झेडेकिया वाटेवर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत खाली डोळे फाडून बघत होता. नर दिसला. माद्या दिसल्या. ती आई दिसली, तिची पाठ रिकामी होती.

मग एका आडव्या पडलेल्या खोडामागून ते दीड वर्षांचं पिल्लू वर आलं. दोन्ही हातांनी केळीचा पांढरा गाभा ओढून ते तोंडात कोंबत होतं, हावऱ्यासारखं.

"खातंय गं," झेडेकिया म्हणाला. "बघ ना, खातंय."

क्यारिसीमानं आपली केळी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं. मग मनगट सोडवून घेतलं आणि वाटेच्या कडेला बसली.

"हळू खा रे मेल्या," ती खाली बघत म्हणाली, "ठसका लागेल."