बापाच्या वाट्याचं अर्धं

"अर्धं माझं झालं," असं ती म्हणायची आणि पदराला हात पुसून उभी राहायची. रगड्यात तांदूळ तसाच. उरलेला अर्धा मी वाटायचा.

मद्रासला तिरुवल्लिकेणीत एका खाणावळीत आम्ही दोघी इडलीचं वाटायला होतो. मॅन्शनमधली, म्हणजे भाड्याच्या खोल्यांतली, एकटी राहणारी माणसं तिथं जेवायची. मी साताऱ्याकडची. नवरा रेल्वेत होता, तो वारला आणि मी मद्रासलाच राहिले. ती तंजावरकडची मराठी.

"अक्का, तुम्ही भांडल्यासारखं बोलता," ती म्हणायची.

"आणि तू गाणं म्हटल्यासारखं."

तिचा कोर्टातून काडीमोड झालेला. तेव्हा ते नवीनच होतं. बायका वळून वळून बघायच्या. ही म्हणायची, "बघू देत, मी काही पैसे घेत नाही बघायचे."

एकच मुलगी होती. मुलीचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा करायचा, असं वकिलापुढं ठरलेलं. पण तोंडी. कागद नव्हता. तिचा नवराही रेल्वेतलाच, हापिसात कारकून. दोनतीन महिने दिले त्यानं, मग बंद.

दुसरी कुणी असती तर रडली असती, नाहीतर सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं असतं. ही निम्माच खर्च करायची. मोजून निम्मा. शाळेचा पांढरा झंपर हिनं शिवला, निळा परकर बापाचा. त्यामुळं पोर वर्षभर वर पांढरी आणि खाली जुनी हिरवी. पुस्तकं अर्धी घेतली. भूगोल आईचा, इतिहास बापाचा. पोर इतिहास शेजारणीकडून मागून वाचायची.

शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावलं. मीही गेले होते सोबत.

"अम्मा, अर्धी फी कशी भरता तुम्ही?"

"माझी अर्धी भरली, टीचर. बाकीची अर्धी रेल्वेच्या हापिसात पंख्याखाली बसलीय. तिला बोलवा."

बाई हसल्या. पोर दाराशीच उभी, ती मात्र जमिनीकडं बघत होती. ते मला अजून दिसतं.

मी एकदा बोलले तिला, "अगं, पोरीचे हाल होतात. भर की सगळी."

"मी एकदा भरली की तो कायमचा सुटला, अक्का. मग त्याला मुलगी आहे हेच तो विसरेल."

तिचं खोटं नव्हतं. तिनं कोर्टात अर्जही दिला होता, दर महिन्याला द्यावं असा हुकूम कागदावर मिळावा म्हणून. तारीख पडत होती, पुढं जात होती.

मग पोरीची एस.एस.एल.सी.ची, म्हणजे आपल्याकडच्या मॅट्रिकची, परीक्षा आली. परीक्षेची फी. हिनं अर्धी दिली आणि बापाला निरोप धाडला. त्याच्याकडून पैसे आले नाहीत. फी भरायचा शेवटचा दिवस आला तरी ही हलेना. पोर जेवेना. वर्ष जाणार होतं तिचं.

मला राहवलं नाही. घरात एक तांब्याचं घंगाळ होतं माझं, लग्नातलं. ते मोडीत दिलं आणि शाळेत जाऊन बाकीची फी भरली. तिथल्या कारकुनाला सांगितलं, मुलीच्या वडलांनी पाठवलेत. दुसरं काय सांगणार? माझे म्हटलं असतं तर हिनं तिथंच परत करवले असते.

त्या संध्याकाळी ती खाणावळीत नाचायचीच बाकी होती. "बघा अक्का, दिले की नाही? मी म्हटलं नव्हतं?" मी खाली मान घालून उडीद धूत राहिले. तिला इतकी हसताना मी पहिल्यांदा पाहिली.

पोरीनं मला न सांगता, आईला न सांगता बापाला कार्ड टाकलं. अप्पा, तुमची फी मिळाली, मी पास होईन.

पुढच्या तारखेला त्याच्या वकिलानं तेच कार्ड काढलं.

मी मागं बाकावर बसले होते. जज्जसाहेबांनी हिला विचारलं, "अक्षर तुमच्या मुलीचं?"

"हो."

"फी भरली गेली?"

हिला खोटं बोलता यायचं नाही. "हो, भरली त्यांनी."

"मग ते आपणहून देताहेत. हुकूम कशाला? नाही दिलं तर पुन्हा या."

तो तिथंच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. आपण दिली नाही हे त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. त्या खोलीत आम्ही दोघंच जाणते, आणि दोघंही गप्प. तो लबाड म्हणून, मी भित्री म्हणून.

बाहेर पायरीवर मी सगळं सांगितलं. वाटलं, मारेल मला. तिनं पदराला हात पुसले आणि पायरी उतरायला लागली.

"चल, परत आत जाऊ," मी म्हटलं. "मी साक्ष देते. शपथ घेऊन सांगते."

"पोरीला ठाऊक आहे?"

"नाही."

"ते कार्ड लिहिताना तिनं किती नीट अक्षर काढलंय, पाहिलंत?" ती म्हणाली. "मग राहू दे."

आत गेली नाही ती. पुन्हा अर्ज केला नाही. पहाटे खाणावळीचं वाटण, दुपारी दोन घरची धुणी. पोर पुढं टायपिंग शिकली. त्या क्लासची अर्धी फी ही आपल्या हातानं द्यायची आणि बाकीची अर्धी वेगळ्या पाकिटात घालून म्हणायची, "अप्पांनी धाडलेत." न अडखळता. जिला कोर्टात खोटं बोलता आलं नाही, ती घरात दर महिन्याला बोलायची. मी शिकवलं तिला ते.

पोर टायपिस्ट म्हणून नोकरीला लागली, आणि वर्षाच्या आत ही काविळीनं गेली.

सकाळी गेली. पोरीनं आधी बापाला निरोप धाडला. उचलायला आलेली माणसं घाई करायला लागली, उन्हाळ्याचे दिवस.

"अप्पा येतील, मावशी," पोर म्हणाली. "एवढी वर्षं त्यांनी खर्च दिलाय माझा. ते आल्याशिवाय नेऊ नका."

ती दाराशी जाऊन बसली, रस्त्याकडं तोंड करून. ऊन उंबरा ओलांडून आत आलं. माणसांनी माझ्याकडं बघितलं, कारण मीच त्यातली वडीलधारी.

"थांबू या अजून थोडं," मी म्हटलं.