माझ्या हिरोला आण्णांची हरकत

उडणाऱ्या माणसाच्या गोष्टी लिहून मी पोट भरते हे कळलं, की सांगलीतल्या आमच्या कॉलनीतल्या बायका आधी हसतात आणि मग विचारतात, "लहान मुलांचं का?" पूर्वी मला राग यायचा. आता "हो, आणि तुमच्या मिस्टरांचंही" असं सांगून मी मोकळी होते. कॉमिक्स काढणारी कंपनी लांबच्या शहरात, चित्रकार तिसऱ्याच गावात, आणि मी इथे डायनिंग टेबलावर बसून कुठल्या चौकटीत कोण कुणाला ठोसा मारतो ते लिहून पाठवते.

लिहिण्याआधी गोष्ट तोंडाने सांगायची, ही माझी खोड. जिथे जीभ अडखळते तिथे गोष्टीत खोट असते. आणि सांगायची ती आण्णांनाच. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात ऊस करतात. शनिवारी मी एसटीने जायचे, आई चहा टाकायची आणि मी घराच्या पुढच्या सोप्यात बसून हातवारे करत सगळा अंक सांगायचे.

हिरोच्या उडण्यावर आण्णांनी कधी शंका घेतली नाही. त्यांच्या हरकती वेगळ्याच. "उडंना का! पर घरात सांगून गेलाय का न्हाई?" नाहीतर, "सकाळधरनं हाणामारी चाललीया, जेवला कवा त्यो?" एकदा हिरोने पाण्याची टाकी उचलून दुष्टाच्या अंगावर फेकली, तर आण्णा खवळले. "गावानं काय प्यायचं आता?" मी "आवं आण्णा, गोष्ट हाय ती!" म्हणून भांडायचे आणि सांगलीला येऊन गपगुमान ती जागा दुरुस्त करायचे. तुमचा हिरो घरातला वाटतो, असं संपादक कौतुकाने म्हणायचे. त्याला जेवूखाऊ घालणारे आण्णा होते.

दिवाळीनंतर आण्णांच्या अंगावरून वारं गेलं. मिरजेला दवाखान्यात ठेवलं, हातपाय हळूहळू परत आले, वाचा काही आली नाही. कळायचं सगळं. नुसतं "अं… अं" करायचे आणि शब्द सापडला नाही की भिंतीकडे तोंड फिरवायचे. बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी घरी यायची. तिने आम्हालाच झापलं. "यांनी अं केलं की तुम्ही पाणी देता, अं केलं की चादर देता. बोलायची गरजच ठेवली नाहीये तुम्ही." ती चित्रांची कार्डं दाखवायची, कप, गाय, छत्री. ज्याने बर्फात पहारे दिले त्याला छत्री म्हणायला लावतात, याचा आण्णांना संताप यायचा आणि ते ओठ घट्ट मिटून बसायचे. असंच चाललं तर पुढे अवघड होईल, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. मी फार घाबरले.

गोष्ट सांगणं मी बंदच केलं होतं. दवाखान्यातून आलेल्या माणसापुढे धडाम-धुडूम करायचं मला जिवावर यायचं. साहजिकच लिहिणंही रखडलं. तेवढ्यात संपादकांचा फोन आला, या अंकात मोठी आग पाहिजे, दोन पानं भरून ज्वाळा. आगीचा प्रसंग मी सहज रचला, पण कागदावर काही उतरेना. शेवटी शनिवारी इस्लामपूरची गाडी धरली.

आण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते, आई दारात शेंगा सोलत होती. मी समोर बसले आणि सुरूच केलं. हात चालायला लागले तशी जुनी लयही सापडली. "दुष्ट जो पळत सुटला तो थेट उसात शिरला. डोक्याच्या वर गेलेला ऊस, माणूस दिसतोय कुठला! हिरो वर घिरट्या घालतोय. मग त्यानं काय केलं, डोळ्यांतनं जाळ काढला आणि चारी बाजूंनी फड पेटवून दिला!"

आण्णांचा हात खुर्चीवर आपटला.

"न्हाई."

आई शेंगा टाकून उठली. "बोललं! अगं, बोललं!"

आण्णांनी तिला हातानेच गप्प केलं. आपण बोललो याचं त्यांना काहीच नव्हतं. ते माझ्यावर भडकले होते. "ऊ… ऊस न्हाई." वर्षभर राबून वाढवलेला ऊस एका पानात जाळायला निघालेली ही पोरगी आपलीच का, अशा नजरेने ते बघत होते.

माझे डोळे वाहायला लागले. त्यांना मिठी मारावीशी वाटत होती, पण मारली असती तर गोष्ट तिथेच थांबली असती. म्हणून मी भांडायला उठले. "मग धरायचा कसा त्याला? सांगा की!"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. आई त्यांच्या मदतीला काहीतरी बोलणार होती, मी तिचा हात दाबला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरला.

"चि…" आण्णा म्हणाले. घाम आला होता. "चिख… चिखल."

पुढचं हाताने सांगितलं. पाटाचं पाणी उसात सोडायचं. पाणी पाजलेल्या उसातून पळून दाखवावं कुणी! पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि बूट आतच राहतो.

आगीपुढे चिखल काय दिसणार म्हणून संपादक कुरकुरले, पण चित्रकाराने दोन पानं भरून असा चिखल काढला की त्यांनी तो तसाच छापला. अंक आला तसा मी तो आण्णांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पानावर बोट फिरवत बराच वेळ बघितलं. मी कौतुकाची वाट बघत होते.

"बांध… फुटलाय," आण्णा म्हणाले. थांबले, दम घेतला. "कोन घालनार?"

मी तिथेच बसून पुढच्या अंकाचं पहिलं पान लिहिलं. हिरो खोरं घेऊन बांध घालतोय.