हात अडला

नव्वदीच्या दशकात उचगावच्या फौंड्रीत काम करणारे एक गृहस्थ रविवारी आम्हा मुलींच्या सॉफ्टबॉलला पंच असत. मी बॅटरच्या मागं बसणारी कॅचर, त्यामुळं ते कायम माझ्या पाठीशी वाकलेले. बॅटरच्या पायाशी जमिनीत बसवलेली होम प्लेट स्वतःच्या टोपीनं पुसत आणि तीच टोपी न झटकता डोक्यावर घालत.

एका सामन्यात समोरच्या संघाची पहिल्या बेसवरची मुलगी फटका न लागताच दुसऱ्या बेसकडं चोरून पळाली. तिला बाद करायला मी दुसऱ्या बेसकडं थ्रो करायला उठले, तर बॅटर माझ्या आडवी आली आणि चेंडू भलतीकडंच गेला. पंचांनी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. बॅटरला बाद दिलं, पळालेलीला परत पाठवलं.

समोरच्या संघाचे कोच धावत आले. "मुद्दाम न्हाई केलं तिनं!"

"मुद्दाम कोण म्हणतंय? हिचा हात अडला का न्हाई, तेवढं बोला," पंच म्हणाले.

पुढं लग्न होऊन मी नेसरीला गेले. मी खेळायची, हे सासरी कुणाला ठाऊकही नव्हतं. बऱ्याच वर्षांनी कोल्हापूरच्या स्टँडवर ते पंच दिसले. त्यांनीच ओळखलं.

"काय गं, थ्रो अजून तसाच हाय न्हवं?"

"हाय की," मी म्हणाले.

माझी गाडी लागली होती. तरी त्यांनी आणखी काही विचारावं म्हणून मी तिथंच उभी राहिले.