साडूंचा बोगदा

साऱ्या पांढुर्ण्यात कुठलीही गोष्ट एकदाच पाहून ज्याचं समाधान होत नाही असा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. व्हिडिओ नवा नवा आला तेव्हा संत्र्याच्या एका चांगल्या बहाराचा सगळा पैसा त्यांनी कॅमेरा, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआरमध्ये ओतला आणि लग्नांचं शूटिंग सुरू केलं. इथवर ठीक होतं. पण एके दिवशी त्यांनी कॅमेरा टीव्हीला जोडला आणि त्याच टीव्हीकडे वळवला. टीव्हीत टीव्ही दिसला, त्याच्या आत आणखी एक, त्याच्याही आत आणखी, असा लहान लहान होत जाणारा बोगदाच तयार झाला. साडू त्या बोगद्यात शिरले ते शिरलेच.

मग बैलगाडीतून टीव्ही मांडवात जाऊ लागला. नवरा-नवरीला त्याच्या बाजूला उभं करायचं, की पडद्यावर वऱ्हाडापेक्षा नवरदेव जास्त. लोधीखेड्याच्या एका मुलीचे वडील कॅसेट पाहताना घाबरून म्हणाले, "आमी तं एकच जवाई केला होता जी, हे बाकीचे कोठून येऊन राह्यले?" साडू शांतपणे म्हणाले, "एकच हाय तो. खोलवर गेला हाय." मी सौंसरहून त्यांच्याकडे गेलो की चहाआधी मला टीव्हीसमोर बसवत आणि माझ्या टकलांची रांग पाहून खूश होत. "पाहा साडूभाऊ, संत्र्याची बाग दिसून राह्यली!" मला एकच टक्कल पुरेसं होतं, पण साडूंना पुरेसं हा शब्द ठाऊक नव्हता.

या नादात एकदा त्यांनी स्वतःच्या मुलाच्या बारशाच्या कॅसेटवरच बोगदा उतरवला. बारसं गेलं, बोगदा राहिला. थोरल्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, बरेच दिवस त्यांच्याशी अबोला धरला, जेवायला बोलवायचं झालं तरी म्हशीला सांगायची, "त्याईले म्हणा, ताट वाढलं." तेव्हापासून साडूंनी एक नेम केला. शूटिंग झालं की मूळ कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची इवलीशी खुटी पेचकसाने, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने, तोडून टाकायची. "खुटी तुटली का त्याच्यावर देवबी शूटिंग करू शकत नाई." मूळ कॅसेट टीव्हीवर लावायची, टीव्हीसकट ते चित्र कॅमेऱ्याने एका जादा कॅसेटवर घ्यायचं, ती लावून दुसऱ्या जादा कॅसेटवर, मग पुन्हा पहिल्या जादा कॅसेटवर. "माणसं कितीबी वाढवा, कॅसेटी तीनच."

आमच्या सासऱ्यांना फोटोचा भारी तिटकारा. फोटोवाला आला की ते बागेत ओलीत करायला निघून जात. धाकट्या मेहुणीच्या लग्नात मोहगावला जिलेबी वाढताना ते खळखळून हसले, तेवढंच साडूंनी गुपचूप टिपलं. पुढच्या वर्षी सासरे गेले. घरात त्यांचं दुसरं चित्र नव्हतं. तेरवी आटोपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मले त्याईले पाहाचं हाय." सगळ्यांनी साडूंकडे पाहिलं. बायको माझ्या कानाशी लागली, "बाबांचाही बोगदा केला असला म्हणजे?" साडू पांढुर्ण्याला गेले आणि सगळं सामान घेऊन परतले.

कॅसेटची खुटी तुटलेली होती. पडद्यावर सासरे जसेच्या तसे हसले, आणि बघता बघता संपलेसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, एकच कसे जी? लोकाईचे तं लय करता."

सारी दुपार साडू कॅसेटी बदलत बसले. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. शेवटी सासऱ्यांच्या आत सासरे, त्यांच्या आत आणखी सासरे दिसू लागले. दर खेपेला चित्र पुसट होत गेलेलं, त्यामुळे सगळ्यांत आतल्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुती उरली नव्हती, मिशा काळ्या वाटत होत्या. सासूबाई उठून टीव्हीजवळ गेल्या आणि त्या इवल्याशा चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पाहा. आमच्या लग्नात असेच दिसत होते."

माझे डोळे भरून आले. साडूंकडे बघायची हिंमत झाली नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर त्यांनी खिशातून पेचकस काढला होता आणि ते त्याही कॅसेटची खुटी तोडत होते.