दरपत्रकात नसलेला फोटो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचाराल तर दिंद्रुडच्या फोटोवाल्या चाचांचे. आमच्या घरात फॉर्म भरता येणारं कुणी नव्हतं. कॉलेजच्या फॉर्मसाठी माझे फोटो चाचांनी काढले आणि फॉर्मही त्यांनीच भरून दिला.

लग्नात जेवणं सुरू झाली की ते एखाद्या म्हाताऱ्याला मांडवाच्या कडेला नेऊन बसवायचे. म्हणायचे, "एकट्याचा एक होऊन जाऊ दे." हा फोटो अल्बममध्ये नसायचा, बिलातही नसायचा. पुढे कधीतरी घरचे लोक तेराव्याला ठेवायला फोटो शोधत यायचे, तेव्हा चाचा तो काढून द्यायचे. म्हातारी माणसंही काही भोळी नसत. एका आबांनी विचारलं, "माझी लई घाई झाली का रे तुला?" चाचा गंभीरपणे म्हणाले, "न्हाई आबा. तुमचा आधार कार्डावरचा लई खराब हाय."

मी बी.कॉम. झालो त्या वर्षी चाचांनी कर्ज काढून नवा कॅमेरा घेतला, दर मात्र जुनेच ठेवले. मी वही घेऊन बसलो. कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या, किती फोटोंनंतर दुरुस्ती निघते, सगळं धरून दरपत्रक तयार केलं. फुकटचा प्रत्येक फोटो कॅमेरा झिजवतो, ते एकट्याचे फोटो बंद करा, असं त्यांना समजावलं. चाचा बराच वेळ लेन्स पुसत राहिले.

"तू शिकलेला हाय. तुझं ऐकतो."

दरपत्रक दुकानात लागलं. आमच्या पोरानं केलंय, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. हिशेब चुकला नव्हता. हप्ते वेळेवर जाऊ लागले.

त्याच उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न झालं आणि दिवाळीच्या आधी अण्णा, माझे वडील, अचानक गेले.

लग्नाच्या फोटोंत अण्णा होते, पण कुणाच्या तरी मागे, वाकून पंगतीत पाणी वाढताना. चाचांनी एका घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. डोळे पुसट, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात. माय बघून म्हणाली, "हे तुजे अण्णा न्हाईत."

चाचांनी मला दोष दिला नाही. म्हणाले, "अण्णा माझ्या पुढ्यात आलता बेटा. मीच बटन दाबलं न्हाई."

पुढच्या वर्षी दुकान बंद करून ते परळीला मुलीकडे गेले. त्यांच्यासमोर जायचं मला दोन वर्षं धाडस झालं नाही. शेवटी पत्र लिहिलं. ते पोहोचण्याच्या आदल्या दिवशी चाचा वारले होते. मुलीने ते न उघडताच परत पाठवलं. त्यात लिहिलं होतं:

"चाचा, सलाम. अण्णांचा फोटो राहिला तो माझ्यामुळे, तुमच्यामुळे नाही. हे तेव्हाच तुमच्यासमोर म्हणायला पाहिजे होतं. माय आता थकली आहे. फोटोचं नाव काढलं की चिडते. पण तुम्ही येणार असाल तर बसेन, असं काल आपणहून म्हणाली. हिरवं लुगडं काढून ठेवलं आहे. गाडी घेऊन मी येतो. तुम्ही फक्त दिवस कळवा."